बाटली काचेची की प्लास्टिकची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. नालासोपाऱ्यात राहणारा, अंधेरीला नोकरी करणारा पंचविशीतला एक तरुण खोकला दाखवायला आला. याच्या घरातल्या तीन पिढ्या माझ्याकडे येतात. तपासून झाले, चिठ्ठी लिहून झाली, तरी हा उठेना. मग आवाज उतरवून म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? लिक्विड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलेलं चांगलं की काचेच्या?"

"कसलं लिक्विड?"

"व्हेपचं."

वाचकांपैकी अनेकांना हा शब्द नवा असेल. व्हेप म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. तिच्यात तंबाखू जळत नाही. एक पातळ द्रव गरम होतो आणि त्याची वाफ ओढायची. या द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, आंबा-पुदिना असा काहीतरी वास आणि बहुतेक वेळा निकोटीन असते. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, तिची जाहिरात करणे, साठा करणे, सगळ्याला बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरी माल येतो आणि पोरांच्या खिशात सापडतो.

मी त्याला आधी चार शब्द सुनावले. पण प्रश्न मात्र खोटा नव्हता, म्हणून उत्तरही दिले. निकोटीनला हवा आणि उजेड मानवत नाही. स्वच्छ द्रव पिवळा पडतो, मग तपकिरी होतो. काचेतून हवा आत जात नाही, आणि काच तपकिरी असेल तर उजेडही अडतो. मऊ प्लास्टिकमधून थोडी थोडी हवा आत शिरते आणि वासही त्यात मुरतो. घरातल्या लोणच्याच्या प्लास्टिक डब्याचा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. तेव्हा द्रव टिकवायचा एवढाच विचार केला तर काच बरी.

मी विद्यार्थी असताना सुटीत गावातल्या एका जुन्या डॉक्टरांकडे बसत असे. त्यांच्याकडे पेशंट घरून बाटली घेऊन येत. कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल मिक्श्चर ओतून देई आणि बाटलीच्या अंगाला कडा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. बाटली कशाची होती, आधी तिच्यात काय होते, हे कोणी फारसे विचारत नसे. डॉक्टर मात्र प्रत्येक बाटलीला नाक लावून पाहत. एकदा एका बाईच्या बाटलीला रॉकेलचा वास आला, तेव्हा त्यांनी ती तिच्यादेखत फोडून टाकली होती.

माझे उत्तर ऐकून या तरुणाचा चेहरा खुलला. "म्हणजे मी बरोबर केलं. कालच काचेच्या बाटलीत ओतलं. फ्रिजमध्ये ठेवलंय, थंडाव्याला टिकतं म्हणतात."

"बाटली कुठली घेतलीस?"

"घरातलीच. पुतणीच्या व्हिटॅमिनच्या थेंबांची. रिकामी झाली होती. तपकिरी आहे, ड्रॉपरही आहे."

पुतणी दीड वर्षाची. गेल्याच महिन्यात तिचे वजन मी केले होते, साडेनऊ किलो. थेंब मीच लिहून दिलेले. सकाळी अंघोळ झाली की आजी ते देते, हेही मला माहीत होते. आजींचे मोतीबिंदूचे एक ऑपरेशन झाले आहे, दुसरे व्हायचे आहे. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

"घरी फोन लाव. आत्ता."

वहिनीने फोन उचलला. त्याने विचारले. ती फ्रिजकडे गेली असावी. मग तिचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला, "भाऊजी, इथे तशाच दोन बाटल्या आहेत. कुठली?"

मुलीची अंघोळ चालू होती. थेंब अजून दिले नव्हते.

दोन्ही बाटल्या त्याने तासाभरात दवाखान्यात आणून दिल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तेच लेबल, तोच ड्रॉपर, आतला रंगही जवळजवळ तोच. वास घेतल्यावर कळले. त्याची आंब्याची होती.

आता हिशेब सांगतो. मूळ बाटलीवर एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीन असे छापलेले होते. बंदीच्या मालावरचा छापा कितपत खरा, देव जाणे. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटीन जाते. म्हणजे एक मिलिलिटरचा भरलेला ड्रॉपर म्हणजे निदान नऊ-दहा सिगारेटींचे निकोटीन, आणि तेही साडेनऊ किलोच्या अंगात. सुरुवातीला उलट्या, तोंडातून लाळ, घाम, फिकेपणा. पुढे झटके येतात, श्वास मंदावतो. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट प्लेन गावी एक वर्षाचे मूल असेच द्रव निकोटीन पोटात जाऊन दगावले. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये तिथे अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारे झाकण सक्तीचे करणारा कायदा झाला. युरोपातही २०१६ पासून बाटली दहा मिलिलिटरपेक्षा मोठी नको, द्रव मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कडक नको आणि झाकण मुलांना उघडता येऊ नये, असे नियम आहेत.

या नियमांत बाटली काचेचीच हवी किंवा प्लास्टिकचीच हवी, असा हट्ट नाही. जोर आहे तो झाकणावर. दाबून फिरवायच्या झाकणाची कल्पना १९६७ साली कॅनडातल्या विंडसर गावच्या डॉ. हेन्री ब्रो या बालरोगतज्ज्ञांनी पुढे आणली. औषधे गिळून आलेली मुले तपासून तपासून ते कंटाळले होते. अमेरिकेत अशी झाकणे खऱ्या मुलांच्या हाती देऊन तपासतात. साडेतीन ते सव्वाचार वर्षांची मुले असतात, दहा मिनिटे वेळ असतो आणि शंभरातल्या निदान ८० मुलांना ते उघडता येता कामा नये. उरलेली वीस उघडू शकतात, हेही ध्यानात घ्या.

या कसोटीवर माझा तरुण मित्र चांगल्याकडून वाईटाकडे गेला होता. त्याच्या मूळ प्लास्टिकच्या बाटलीला दाबून फिरवायचे झाकण होते आणि तोंडाशी बारीक नळी होती. दाबल्याशिवाय थेंब पडत नाही, घोटभर तर नाहीच नाही. फरशीवर पडली तरी ती फुटली नसती. काचेची फुटली तर काचा आणि विष दोन्ही पसरते, आणि निकोटीन कातडीतूनही आत जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना चक्कर-उलट्या होतात त्या यामुळेच. फळीवर काच जिंकते, पण रांगते मूल असलेल्या घरात मी प्लास्टिकच्या बाजूने मत देईन.

व्हेपचे नाव न ऐकलेल्या घरांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल, पाण्याच्या बाटलीत फिनेल किंवा अ‍ॅसिड, बागायतीतल्या फवारणीचे उरलेले औषध सरबताच्या बाटलीत, हे मी अर्नाळ्यापासून पापडीपर्यंत घराघरांत पाहिले आहे. ज्या बाटलीत वस्तू आली तिच्यातच ती राहू द्या. रिकामी औषधाची बाटली धुऊन, लेबल फाडून कचऱ्यात टाका, जपून ठेवू नका.

मुलाने असे काही गिळले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात शिरते आणि न्यूमोनिया होतो. निकोटीनमध्ये झटके येऊन उलटी श्वासनलिकेत जाते. तोंड पुसा, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. आणि बाटली बरोबर न्या. आत काय होते ते डॉक्टरांना कळण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे.

कायद्याच्या भीतीने त्या तरुणाने ही गोष्ट लपवली असती तर? हा विचार मला त्या दिवशी दुपारी जेवतानाही सुटला नाही. घरात असे काही घडले तर आधी डॉक्टरला खरे सांगा. आम्ही पोलीस नाही.

सवय सुटावी म्हणून मी त्याला निकोटीनचे च्युइंगम सुरू केले. त्याची प्रत्येक गोळी पट्टीतून जोर लावून काढावी लागते, ते मला बरे वाटते. तरी ती पट्टीसुद्धा ऑफिसच्या बॅगेत ठेव, घरात नको, असे बजावले. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन नंबरही लिहून दिला. तो फुकट आहे. दोन महिन्यांत त्याने तीनदा सोडले आणि दोनदा पुन्हा धरले. सध्या सोडलेले आहे.

आंब्याची बाटली मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घातली. दुसरीही घातली, आणि आजींना थेंबांची नवी चिठ्ठी लिहून दिली.