साह्यबाले कोन इचारते?

गटाच्या बैठकीत पोलीस कोठडीतल्या मारहाणीचा विषय निघाला, की शेवटी एक वाक्य हमखास येतं, "शिपायाले घरी बसवतीन, पन साह्यबाले कोन इचारते जी?" आज आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत.

परभणी आपल्याला परकी नाही. अकोल्याहून पूर्णामार्गे रेल्वेनं जाता येतं. डिसेंबर 2024 मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायदा शिकणारा तरुण पकडला गेला. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. सरकारकडून आजाराचं कारण सांगितलं गेलं. पण शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं.

त्याची आई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. बाजू मांडली आपल्या अकोल्याच्या प्रकाश आंबेडकरांनी. 4 जुलै 2025 ला कोर्टानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. त्याविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे 30 जुलैला सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं. गुन्हा नोंदवणं म्हणजे शिक्षा नव्हे, दोषी कोण ते पुढे कोर्ट ठरवेल. पण नुसत्या पहिल्या पायरीसाठी त्या माऊलीला साडेसात महिने लागले.

मग वरच्या पायऱ्यांचं काय? ही अडचण जगभर आहे. अमेरिकी सैन्यानं इराकच्या अबू गरीब तुरुंगात कैद्यांचा केलेला छळ 2004 मध्ये फोटोंसकट बाहेर आला. 11 सैनिक दोषी ठरले. एका महिला ब्रिगेडियरचा हुद्दा उतरवला. पण कडक चौकशीचं धोरण ज्यांनी वर बसून ठरवलं, त्यांच्यावर खटला झाला नाही.

आपल्याकडे कबुलीसाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा 7 वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर 10 वर्षांपर्यंत. "मारा" म्हणून सांगणाराही चिथावणीच्या गुन्ह्यात येतो. पण सांगितलं हे सिद्ध कसं करायचं? तोंडी हुकमाचा कागद नसतो. शिवाय सरकारी कामात घडलं असं म्हटलं, की खटल्याआधी सरकारची परवानगी मागितली जाते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 1997 मध्ये सही केली, पण तो अजून पक्का केलेला नाही. छळ रोखण्याचं विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, कायदा मात्र झाला नाही.

तरी साहेबाचं नाव कागदावर आणणारे काही नियम आहेत. ते आपल्याला पाठ हवेत.

एक, अटकेचा पंचनामा. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर 1996 च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे त्यावर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही लागते. घरी कळवावं लागतं. कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी डॉक्टरी तपासणी लागते. हे टाळणाऱ्या अधिकाऱ्यावर कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते.

दोन, 24 तास. प्रवासाचा वेळ सोडून एवढ्या वेळात न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. मारलं असेल तर तिथेच, मोठ्यानं, सांगायचं.

तीन, कॅमेरा. डिसेंबर 2020 च्या निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला हवं. कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेदाराची. "बंद होता" असं कुणी म्हटलं, तर तो प्रश्न शिपायाला नाही, ठाणेदाराला विचारायचा.

चार, कोठडीत मृत्यू झाला तर जिल्हाधिकाऱ्यानं किंवा पोलीस अधीक्षकानं 24 तासांत मानवी हक्क आयोगाला कळवलं पाहिजे. आयोगाची ही सूचना 1993 पासून आहे. न कळवणं म्हणजे प्रकरण दाबण्याचा प्रयत्न, असंच आयोग धरतो.

म्हणून कुणाचा मुलगा, नवरा, भाऊ नेला, तर ठाण्यासमोर नुसतं रडत बसू नका. गटातल्या दोघीतिघी सोबत जा. किती वाजता नेलं, कुणी नेलं, ठाण्यात कोण साहेब होते, ते वहीत लिहा. अर्ज द्या आणि पोच घ्या.

ओडिशातल्या नीलाबती बेहरांचा मुलगा 1987 मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना गेला. प्रेत रेल्वे रुळावर सापडलं. त्यांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1993 मध्ये राज्य सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मुलगा परत आला नाही. पण कोठडीतल्या जिवाची जबाबदारी सरकारची, हे देशभर कायम झालं. आज वकील त्याच निकालाचा आधार घेतात.

साहेबाला कोण विचारतं? आधी माय विचारते. मग कोर्टाला विचारावं लागतं. मायच्या मागे गट उभा असला, तर ते लवकर होतं.