उतूं जाणारा काढा

दूध तापत ठेवून कोणी क्षणभर नजर वळवावी आणि तेवढ्या अवधींत तें पातेल्याच्या कांठावरून खालीं यावें, हा अनुभव कोणत्याहि घराला नवा नाहीं. इंग्लंडांत जीं कुटुंबें हौसेनें घरींच बीअर तयार करतात त्यांनाहि नेमका हाच शत्रु भेटतो. फरक इतकाच कीं, त्यांच्या पातेल्यांत लिटर-दीड लिटर दूध नसून वीस-पंचवीस लिटर उकळता गोड काढा असतो. त्या देशांत १८८० च्या कायद्यानें या घरगुती उद्योगास परवाना लागू झाला होता. १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं तो उठविला आणि ही हौस उघडपणें वाढली. महाराष्ट्रांत परवान्यावांचून असें पेय करणें गुन्हा आहे. येथील घरांच्या कामाचें आहे तें केवळ फेसाचें शास्त्र.

मोड आणून वाळविलेला सातू भरडून सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवला म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. तें पाणी निथळून घेऊन, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें टाकून, तास-दीड तास उकळावयाचें असतें. साखरेबरोबर सातूंतील प्रथिनेंहि पाण्यांत उतरलेलीं असतात आणि खरी गोम तेथेंच आहे. साध्या पाण्यांतील वाफेचा बुडबुडा वर येतांच फुटतो. प्रथिनें मात्र त्याच्याभोंवतीं पातळ पण चिवट पडदा धरतात. वाफ कोंडते, बुडबुड्यावर बुडबुडा चढतो, आणि पाहतां पाहतां फेसाचा डोंगर कांठ ओलांडतो.

दुधाहून हा काढा एका बाबतींत शहाणा आहे. कांहीं मिनिटें खळखळून उकळल्यावर त्यांतील बरींच प्रथिनें गोठून नासलेल्या दुधासारख्या चोथ्याच्या रूपानें वेगळीं होतात आणि फेस आपोआप बसतो. म्हणून खरा धोका उकळी फुटण्याच्या वेळचा. दुसरा धोका हॉप टाकतांना येतो: फुलांच्या खडबडीत अंगावर वाफेचे असंख्य बुडबुडे एकदम धरतात आणि शांत झालेला काढा पुन्हां उसळतो. अनुभवी मनुष्य आधीं आंच कमी करतो, मग फुलें चिमटी-चिमटीनें सोडतो.

बाकीचे उपाय साधे आहेत. वीस लिटरांसाठीं तीस लिटरांचें भांडें घ्यावें. ही एक काटकसर न केली तर निम्मी काळजी मिटते. झांकण पुरतें घालूं नये. त्यानें फेस कोंडतो, शिवाय शिजलेल्या कोबीसारखा जो वास वाफेबरोबर निघून जावयाचा तो काढ्यांतच राहतो. फेस वर येऊं लागला कीं थंड पाण्याचा बारीक फवारा मारावा. आणि जवळून हलूं नये. साखरेचा उकळता रस अंगाला चिकटून राहतो, त्यामुळें तो साध्या पाण्याहून अधिक भाजतो. उतूं गेलेल्या काढ्यानें शेगडी विझली तर न जळलेला गॅस खोलींत भरतो तें निराळेंच.

सिलिकोन तेलाचे दोन-चार थेंबहि फेस मोडतात. पोटांतील वायूवर ज्या गोळ्या मिळतात त्यांत याच जातीचें द्रव्य असतें. थेंब बुडबुड्याच्या पडद्यावर पसरतो, पसरतांना खालचा द्रव बाजूला ओढून नेतो, आणि पडदा विरळ होऊन फाटतो. पृष्ठभागावरील अशा तवंगाचा पद्धतशीर अभ्यास जर्मनींतील ब्रन्सविक गांवच्या ॲग्नेस पॉकेल्स यांनीं स्वयंपाकघरांतच केला. त्यांना विश्वविद्यालयाचें शिक्षण मिळालें नव्हतें. तरी लॉर्ड रॅले यांच्या पुढाकारानें त्यांचें पत्र १८९१ सालीं ‘नेचर’मध्यें छापलें गेलें. भांडीं घासण्याच्या पाण्याकडे इतक्या आदरानें पाहणारे विरळाच!

चुलीवरून उतरल्यावरहि काळजी सुटत नाहीं. निवलेल्या काढ्यांत यीस्ट घातलें कीं साखर आंबून जवळजवळ निम्मा मद्यार्क आणि निम्मा कार्बन डायॉक्साइड वायु होतो. दीड किलो साखर आंबली तर सुमारें ४०० लिटर वायु बाहेर पडतो. पिंप गळ्यापर्यंत भरलें असेल, तर फेस व हॉपचा चोथा वायूच्या अरुंद वाटेंत अडकतो, आंत दाब वाढतो आणि झांकण उडून छतापर्यंत चोथ्याचे शिंतोडे जातात. यासाठीं पहिले तीन-चार दिवस जाड नळीचें एक टोंक झांकणांत व दुसरें पाण्याच्या बादलींत बुडवून ठेवतात. फेस नळीवाटे बाहेर जातो, हवा आंत शिरत नाहीं. आंबणें संपण्यापूर्वींच बाटल्या भरल्या तर मात्र नळीहि उपयोगी नाहीं. त्या फुटून कांचेनें इजा होते.

एवढा छळ करणारा हा फेस मुळांतून नाहींसा करावा असें मात्र कोणालाच वाटत नाहीं, कारण पेल्यांतील बीअरवर जो पांढरा थर टिकावा लागतो तो बहुतांशीं याच प्रथिनांचा, हॉपच्या कडू द्रव्यांनीं बळकट झालेला. म्हणून काढ्यांत लोणी किंवा खाण्याचें तेल टाकून फेस मारणें अहिताचें. त्याचा अंश पेल्यापर्यंत पोंचूं शकतो. सिलिकोन बहुतेक यीस्टच्या गाळाबरोबर तळाशीं बसतें. इतकें करूनहि पेल्यांत फेस टिकेना, तर दोष काढ्याचा आहे असें एकदम मानूं नये. पेल्याला तुपाचा हात लागलेला असतो, किंवा तो तेलकट फडक्यानें पुसलेला असतो. असा पेला साबणानें धुवावा, साबण निघून जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानें खळबळावा, आणि न पुसतां उपडा वाळूं द्यावा.