क्यूब्ज ओएस: भिंती त्याच्या, शिस्त आपली

क्यूब्ज ओएसचा विषय निघाला की एडवर्ड स्नोडेन यांचं नाव हमखास येतं. सुरक्षेची खरी काळजी असेल तर ही संगणक-प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) वापरा, अशी जाहीर शिफारस त्यांनी २०१६ मध्ये केली होती. तेव्हापासून ‘क्यूब्ज बसवलं की आपण सुरक्षित’ हा समज घट्ट रुजला आहे. प्रकल्पाचे कर्ते मात्र तिला ‘बऱ्यापैकी सुरक्षित’ एवढंच म्हणतात. त्यात विनय नाही; ती कामाची नेमकी मर्यादा आहे.

पोलंडच्या सुरक्षा-संशोधक योआना रुटकोव्स्का यांनी २०१० मध्ये ही प्रणाली जाहीर केली आणि २०१२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्यामागचा विचार रोखठोक आहे. कुठलंही सॉफ्टवेअर निर्दोष नसतं, ब्राउझर आज ना उद्या फुटणारच, तेव्हा फुटल्यावर नुकसान कुठवर जाईल ते आधीच ठरवून ठेवा. म्हणून इथे झेन नावाच्या हायपरवायझरवर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांना क्यूब म्हणतात. खासगी कामाचा एक, कार्यालयाचा एक, कुठल्याही लिंकवर क्लिक करायला एक, आणि नेटशी अजिबात न जोडलेला, पासवर्ड व किल्ल्या ठेवण्याचा ‘व्हॉल्ट’. वाय-फाय कार्ड वेगळ्या क्यूबमध्ये, यूएसबी आणखी वेगळ्या. ज्या मुख्य भागातून हे सगळं चालतं त्या डॉम-झिरोला नेटच नाही. प्रत्येक खिडकीची चौकट आपापल्या क्यूबच्या रंगाची, म्हणजे पासवर्ड कुठे टाइप करतोय ते डोळ्यांना दिसतं.

पण लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे भरवसा हे प्रणालीला ठाऊक नसतं. रंगाचा अर्थ तुम्ही ठरवायचा आणि तुम्हीच पाळायचा. बँकेचं खातं ज्या क्यूबमध्ये उघडता तिथेच अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक उघडली, तर दोन्हींच्या मध्ये भिंतच उरत नाही. दुकानाचा गल्ला आणि घरखर्च वेगळा ठेवायचं ठरवून रोज एकाच डब्यात हात घातला, तर दुसरा डबा असून काय उपयोग? एका क्यूबच्या आत क्यूब्ज ओएस साध्या लिनक्सइतकंच संरक्षण देतं. म्हणून क्यूब वाढवत नेले की सुरक्षा वाढते, हेही खरं नाही. कोणतं काम कुठे करायचं याचा गोंधळ व्हावा इतके क्यूब केले, तर घाईत चुकीच्या खिडकीत काम होणारच. सुरुवातीला चार-पाच पुरतात.

‘साधं कॉपी-पेस्टही करता येत नाही’ ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. करता येतं, फक्त चार पायऱ्यांनी. पहिल्या क्यूबमध्ये नेहमीचं कंट्रोल-सी, मग कंट्रोल-शिफ्ट-सी, दुसऱ्या खिडकीवर जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही आणि शेवटी कंट्रोल-व्ही. मधल्या दोन पायऱ्या तुमच्या बोटांनीच होतात, कुठल्या प्रोग्रॅमला त्या परस्पर करता येत नाहीत. त्यामुळे किडलेला क्यूब तुम्ही व्हॉल्टमधून उचललेला पासवर्ड चोरून वाचू शकत नाही, आणि एकदा पेस्ट झाल्यावर मधला क्लिपबोर्ड पुसला जातो. बोटांना सवय लागते. सवय लागायला कठीण जाते ती दिशेची: कमी भरवशाच्या क्यूबमधून जास्त भरवशाच्या क्यूबकडे मजकूर किंवा फाइल शक्यतो नेऊच नये. पाठवणं सुरक्षित असलं, तरी तिथे ती फाइल उघडणं धोक्याचं असतं.

मेलला जोडून आलेल्या पीडीएफचं उदाहरण घ्या. फाइलवर राइट-क्लिक करून ती डिस्पोजेबलमध्ये उघडायची. त्या फाइलपुरता नवा क्यूब सुरू होतो आणि खिडकी बंद केली की संपतो. फाइल ठेवायचीच असेल तर ती ‘विश्वासार्ह पीडीएफ’मध्ये बदलून घ्यायची. डिस्पोजेबलमध्ये प्रत्येक पानाचं निव्वळ चित्र तयार होतं आणि तेवढंच परत येतं, लपलेला घातक कोड तिथेच राहतो. अर्थात त्या फाइलमधला मजकूर मग निवडता किंवा शोधता येत नाही. अनोळखी स्रोतांकडून आलेली कागदपत्रं उघडायला पत्रकारांसाठी बनवलेलं सिक्युअरड्रॉप वर्कस्टेशन याच प्रणालीवर उभं आहे, ते यासाठीच.

डिस्पोजेबल संपला म्हणजे डिस्कवरच्या खुणाही पुसल्या गेल्या, असं मात्र धरून चालू नका. त्याची रचना त्यासाठी नाही. ते काम टेल्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीचं. नाव-पत्ता लपवण्याचंही तेच. क्यूब्ज आपोआप कुणाला अनामिक करत नाही. त्यासाठी टॉर या अनामिक जाळ्यावरून जाणारे, हूनिक्स नावाच्या प्रणालीचे क्यूब वापरावे लागतात, आणि तिथेही स्वतःच्या नावाच्या खात्यात लॉगिन केलं की सगळंच फुकट.

नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे टेम्प्लेट. वर्क क्यूबमध्ये मराठी फाँटचं पॅकेज बसवलं, लेख लिहिला, दुसऱ्या दिवशी क्यूब सुरू केला तर फाँट गायब! हा बिघाड नव्हे. क्यूबची मूळ प्रणाली फेडोरा किंवा डेबियनच्या टेम्प्लेटमधून दर वेळी नव्याने येते, टिकतं ते मुख्यतः होम फोल्डर. फाँट टेम्प्लेटमध्ये बसवा, टेम्प्लेट बंद करा, क्यूब पुन्हा सुरू करा. त्या टेम्प्लेटवरच्या सगळ्या क्यूबना तो मिळेल. याच कारणाने मूळ प्रणालीत घुसलेला व्हायरसही बऱ्याचदा क्यूब बंद करताच जातो. ‘बऱ्याचदा’ म्हणायचं कारण, होम फोल्डरमध्ये लपलेला जात नाही.

जुन्या लॅपटॉपवर किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवून बघू, असा विचार असेल तर थांबा. दुसऱ्या आभासी संगणकात चालवणं क्यूब्जला मान्य नाही. प्रोसेसरमध्ये व्हीटी-डी किंवा एएमडीची तत्सम सोय लागते. कागदोपत्री किमान ६ जीबी रॅम, शिफारस १६ जीबीची. क्यूबना थ्रीडी ग्राफिक्सचा वेग मिळत नाही, म्हणून गेम आणि जड व्हिडिओ एडिटिंग विसरा. व्हिडिओ कॉलच्या आधी कॅमेरा आणि माइक त्या क्यूबला हाताने जोडावे लागतात, आणि मला ही अडचण वाटत नाही.

कप्पे वेगळे असले तरी डिस्क एकच असते, आणि ती गेली की सगळे क्यूब एकदम जातात. तेव्हा क्यूब्जच्या स्वतःच्या साधनाने बाहेरच्या डिस्कवर एन्क्रिप्टेड बॅकअप घ्या. परत आणण्याच्या खिडकीत डेटा न उतरवता फक्त पडताळणी करण्याचा पर्याय आहे. पहिल्याच बॅकअपला तो नक्की वापरा.