छायाचित्रांचे कोठार आणि संमतीची सही

मुखपृष्ठावर हसरे कुटुंब हवे असले, तर हल्ली छायाचित्रकाराला कोणी बोलावणे धाडीत नाही. तयार चित्रांची मोठमोठी कोठारे आहेत. तेथून हवे ते चित्र घरबसल्या संगणकावर उतरवून घेता येते. ह्या व्यवहारास 'स्टॉक फोटोग्राफी' म्हणतात. धर्मग्रामाच्या स्मरणिका सजविणाऱ्या आमच्या तरुण मंडळींस त्याची वरवर ओळख आहे. आतील व्यवहार थोड्यांनाच ठाऊक असतो, म्हणून हा प्रपंच.

पैसे मोजणारा चित्राचा मालक होत नाही. त्याला केवळ वापराचा परवाना मिळतो. 'रॉयल्टी-फ्री' ह्या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. त्याचा अर्थ फुकट असा नव्हे. एकदा मोल दिले की अटींत राहून चित्र पुनःपुन्हा वापरता येते, इतकेच. स्वामित्वहक्क बहुधा चित्र काढणाऱ्यापाशीच राहतो आणि तेच चित्र आणखी शंभर जण घेऊ शकतात. तेव्हा एकच आजीबाई औषधाच्या पत्रकावर आणि विम्याच्या फलकावरही हसताना दिसल्या, तर नवल वाटू नये!

चित्रे पुरविणाऱ्याचा वाटा मात्र बेताचाच. न्यूयॉर्कच्या 'शटरस्टॉक' ह्या कोठाराने २०२० च्या जूनमध्ये तो शेकडा १५ ते ४० असा पायऱ्यांनी ठरविला, आणि दर १ जानेवारीस प्रत्येकाने पुन्हा तळच्या पायरीपासून चढावे असा नियम केला. कॅमेऱ्यावर संसार चालविण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा कागद: संमतिपत्र. चित्रातील व्यक्ती ओळखू येत असेल आणि चित्र जाहिरातीस जाणार असेल, तर कोठारे तिची सही मागतात. मूल अज्ञान असल्यास आईबापांची. बातमीपुरते चित्र सहीवाचून चालते, पण मग ते जाहिरातीत वापरण्याची मुभा नसते.

हा कागद नसला म्हणजे काय होते, ते २००७ साली दिसून आले. अमेरिकेत टेक्सस राज्यात एका चर्चच्या तरुणांनी मोटारी धुण्याचा कार्यक्रम ठेविला होता. तेथे त्यांच्याच एका मार्गदर्शकाने एका अल्पवयीन मुलीचे छायाचित्र काढले आणि कौतुकाने 'फ्लिकर' ह्या संकेतस्थळावर ठेविले. त्यासोबत त्याने दिलेला मुक्त परवाना असा होता की, छायाचित्रकाराचे नाव दिल्यास कोणीही ते धंद्यासाठीही वापरावे. 'व्हर्जिन मोबाईल'च्या ऑस्ट्रेलियातील कंपनीने ते उचलले, आणि ॲडलेड शहरातील बस-थांब्यावर ती मुलगी एका थट्टेखोर जाहिरातीत झळकली. तिला वा तिच्या घरच्यांना कोणी विचारलेही नव्हते! परवाना चित्र काढणाऱ्याचा होता. चेहरा मुलीचा होता. कुटुंबाने दावा लावला. २००९ साली टेक्ससमधील न्यायालयाने, ऑस्ट्रेलियातील कंपनीवर आपले अधिकारक्षेत्र नाही, म्हणून तो काढून टाकला. चेहऱ्याचा प्रश्न अनिर्णीतच राहिला.

आमच्या येथेही प्रथम कम्युनियनची चित्रे सायंकाळच्या आत जगभर जातात. ती काढणाऱ्यांनी आधी आईबापांच्या सह्या घ्याव्यात. संमतिपत्राचे छापील नमुने आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेविले आहेत.