एका डोंगरावरची तीन रंगांची फुले

हकिमी औषधांच्या दुकानात ‘सालम मिश्री’ नावाच्या सुकलेल्या गाठी मिळतात. उर्दूत आपण तिला ‘सालब मिस्री’ म्हणतो. थंडीच्या दिवसांत तुमच्या घरी कोणीतरी तिची पूड दुधातून घेतलीही असेल. पण या गाठी कोणत्या झाडाच्या, असे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. त्या ऑर्किड कुळातल्या वनस्पतींच्या जमिनीखालच्या गाठी आहेत. ऑर्किडला मराठीत आमरी असेही नाव आहे. हिमालयात वाढणाऱ्या एका आमरीची गाठ हाताच्या पंज्यासारखी दिसते, म्हणून तिला ‘सालम पंजा’ म्हणतात.

जमिनीखाली असाच पंजा असलेली एक छोटी आमरी युरोपातल्या आल्प्स पर्वतावर उगवते. आज आपण तिची ओळख करून घेणार आहोत. मात्र गाठीसाठी नव्हे, फुलांसाठी.

या आमरीचे शास्त्रीय नाव जिम्नाडेनिया रेलिकानी असे आहे. ती जेमतेम वीतभर उंच असते. उंच कुरणांतल्या गवतात तिचा दांडा उभा राहतो आणि टोकावर लहान लहान फुलांचा दाट गोंडा येतो. फुलांना व्हॅनिलाचा गोड वास असतो. त्यांचा रंग इतका गडद तांबडा असतो, की लांबून तो काळाच वाटतो. त्या भागातले जर्मन बोलणारे लोक तिला ज्या नावाने ओळखतात, त्याचा अर्थ ‘कोळशाचे छोटे गुलाब’ असा होतो. मला हे नाव फार आवडते.

आल्प्समध्ये बहुतेक ठिकाणी ही फुले काळीच असतात. पण इटलीच्या उत्तर टोकाला, साउथ टिरोल भागात, पुफ्लाच नावाचे एक पठार आहे. ते समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहूनही उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे अंदाज येईल. या पठारावर काळ्या फुलांच्या शेजारीच लाल फुले असतात आणि पांढरीही असतात. शंभर झाडे मोजली तर साधारण साठ काळी, तिसाच्या आत लाल आणि दहाच्या आसपास पांढरी भरतात. माती तीच, पाऊस तोच, ऊन तेच. मग रंग तीन का? आणि पांढरी फुले इतकी थोडी, तर ती कधीच नाहीशी का झाली नाहीत?

झ्युरिक विद्यापीठाचे रोमन केलेनबर्गर आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. २०१९ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथम त्यांनी तिन्ही रंगांच्या झाडांची बारकाईने तुलना केली. फरक निघाला तो फक्त एकाच गोष्टीत, सायनिडिन नावाच्या रंगद्रव्यात. लाल गुलाबाला लाली देणारे द्रव्य हेच. काळ्या फुलांत ते भरपूर असते आणि लाल फुलांत कमी. पांढऱ्या फुलांना ते रंग देतच नाही.

हे द्रव्य तयार करण्याचे काम एक जनुक करते. पण त्या जनुकाला ‘काम सुरू कर’ असा हुकूम देणारे दुसरे एक जनुक आहे. त्याला आपण मुकादम म्हणू. जनुक म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला मजकूर असतो. पांढऱ्या फुलांच्या झाडात या मुकादमाच्या मजकुरात एक चूक आढळली. वाक्य अर्ध्यावर असतानाच पूर्णविराम पडला होता! उर्दू लिहिताना तुम्ही वाक्याच्या मध्येच खत्मा दिला, तर वाचणारा तिथेच थांबेल. तसेच इथे होते. हुकूम अपुरा राहतो आणि रंग तयार होत नाही.

प्रत्येक झाडाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक फळ धरणाऱ्या फुलाकडून मिळते, दुसरी परागाकडून. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर फूल काळे होते. दोन्ही बिघडलेल्या असतील तर पांढरे. एक चांगली आणि एक बिघडलेली असेल तर रंग अर्धवट तयार होतो, आणि फूल लाल दिसते. गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला तर गुलाबी फुले येतात, हे तुम्ही विज्ञानात वाचले असेल. हा प्रकार त्यातलाच.

इथवर रंगांचा उगम कळला. पण ते टिकले कसे, याचे उत्तर झाडात सापडत नाही. त्यासाठी फुलांवर येणाऱ्या कीटकांकडे पाहावे लागते.

संशोधकांनी या कुरणात फुलांवर येणाऱ्या कीटकांची नोंद ठेवली. मधमाश्यांच्या जातीचे कीटक गडद फुलांकडे अधिक वळत होते. साध्या माश्यांची आवड नेमकी उलटी होती. त्यांना पांढरी फुले अधिक पसंत होती. लाल फूल मधल्या रंगाचे. त्याच्याकडे दोघेही येत. त्यामुळे लाल फुलांवर परागण अधिक झाले आणि बीही अधिक धरले.

इथे तुम्ही म्हणाल, “असे असेल तर काही पिढ्यांनंतर सगळे पठार लालच व्हायला हवे!” शंका अगदी योग्य आहे. आता कागद-पेन्सिल घ्या. लाल फुलाचे पराग दुसऱ्या लाल फुलावर पडले, तर चार रोपांमागे सरासरी एक काळे, दोन लाल आणि एक पांढरे निघते. सर्वांत यशस्वी रंग लाल, पण तो एकटा राहूच शकत नाही. त्याच्या प्रत्येक प्रतीजोडीत एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते, आणि बियांमध्ये त्या नव्याने वाटल्या जातात. लाल फुले वाढली की त्यांच्याच बियांतून काळी आणि पांढरी पुन्हा उगवतात.

मिश्र जोडीला असा फायदा मिळण्याचे एक उदाहरण माणसातही आहे, पण ते दुःखाचे आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार नंदुरबार, गडचिरोली या भागांत आढळतो. त्याचे एकच बिघडलेले जनुक असेल तर गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळते. दोन्ही बिघडलेली असतील तर मात्र माणूस आजारी पडतो. पुफ्लाचच्या फुलांचे वेगळेपण इथेच आहे. तिथे काळे झाडही निरोगी आहे आणि पांढरेही. बिघाड हा शब्द मी वर वापरला खरा, पण पांढऱ्या फुलाला त्याचा काही त्रास नाही. माशी तर त्याच्याकडे आवडीने येते.

या आमरीची एक जवळची नातेवाईक स्वीडन आणि नॉर्वेमध्ये वाढते. तिचे बी परागणाशिवायच तयार होते, म्हणून रोप हुबेहूब आईसारखे निघते. तिथे प्रतींची वाटणी होतच नाही.

आता एक जोडी मी तुमच्यासाठी ठेवली आहे. एका माशीने लाल फुलाचे पराग पांढऱ्या फुलावर नेऊन टाकले. बी धरले, वाऱ्याने पसरले, आणि काही वर्षांनी त्यांतली शंभर झाडे फुलली. वहीत आकृती काढा आणि सांगा, त्यांत काळ्या फुलांची झाडे किती असतील?