पाळीव प्राण्यांच्या विष्ठेची विल्हेवाट
पाळीव प्राण्यांच्या विष्ठेची विल्हेवाट : घरी पाळलेली कुत्री व मांजरे यांची विष्ठा वेळीच उचलून माणसे, इतर प्राणी, माती व पाणी यांना उपद्रव होणार नाही अशा रीतीने तिचा निकाल लावणे. ही जबाबदारी मुख्यत्वे प्राण्याच्या मालकाची मानली जाते.

शेणखताच्या परिचयामुळे कुत्र्याची विष्ठाही मातीत जिरून आपोआप खत होते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. कुत्रा व मांजर यांच्या आतड्यांत राहणारे काही परजीवी माणसालाही बाधतात आणि त्यांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात.

आरोग्यास धोका : टॉक्सोकारा कॅनिस हा गोलकृमी कुत्र्याच्या पिलांत विशेषेकरून आढळतो. त्याची अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात. ती तशी होण्यास अनुकूल हवामानात सु. दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ती मातीत अनेक महिने, प्रसंगी काही वर्षे टिकतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे ती पोटात गेल्यास त्यांतून निघालेले डिंभ यकृत, फुप्फुसे किंवा डोळा यांत शिरतात. डोळ्यातील विकारामुळे दृष्टी जाण्याचाही संभव असतो. अंकुशकृमींचे डिंभ ओलसर माती व वाळूतून उघड्या पायांच्या त्वचेत शिरतात व तेथे खाजणाऱ्या नागमोडी रेषा उमटतात. मेंढ्यांची रोगट आतडी-काळजे खाणाऱ्या कुत्र्यांत एकिनोकॉकस हा पट्टकृमी असू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतानाच संसर्गक्षम असतात व त्यांमुळे माणसाच्या यकृतात वा फुप्फुसांत द्रवाने भरलेल्या पुटी तयार होतात (हायडॅटिड रोग). मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा हा आदिजीव एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम बनतो. गर्भवती स्त्रीला प्रथमच याचा संसर्ग झाल्यास गर्भाला इजा पोहोचू शकते. म्हणून मांजराच्या मलपात्रातील विष्ठा रोज काढावी आणि हे काम शक्यतो गर्भवती स्त्रीने करू नये.

यावरून विष्ठा लगेच उचलण्याचे महत्त्व स्पष्ट होते. विष्ठा वाळून वा पावसाने विरून दिसेनाशी झाली, की जागा स्वच्छ झाली असे वाटते. प्रत्यक्षात अंडी तेथेच राहतात व याच काळात अनेक परजीवी संसर्गक्षम होतात. एकदा मातीत मिसळलेली अंडी वेचून काढणे अशक्यप्राय असते. पावसाच्या पाण्याबरोबर नाले व तलाव यांत गेलेल्या विष्ठेतील जंतूंमुळे पाणी दूषित होते व नायट्रोजन आणि फॉस्फरस यांमुळे शैवालाची वाढ होते.

पद्धती : हातावर पिशवी उलटी चढवून विष्ठा उचलावी, पिशवी सुलटी करून तिचे तोंड बांधावे व नंतर साबणाने हात धुवावेत. ही पिशवी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात न टाकता स्थानिक संस्थेच्या नियमानुसार वेगळी द्यावी. कुत्र्याची विष्ठा पिशवीविना शौचकूपात टाकता येते; मात्र ते शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या मलवाहिनीस जोडलेले असावे. मांजराच्या मलपात्रातील माती शौचकूपात टाकू नये. पावसाळी गटारात कोणतीही विष्ठा टाकू नये. स्वतःचे आवार असल्यास विहीर व भाजीचे वाफे यांपासून दूर खड्डा घेऊन विष्ठा पुरता येते. घरगुती खतखड्ड्यात सर्व भागांचे तापमान काही दिवस ५५° ते ६०° से. राहीलच याची खात्री नसते, म्हणून असे खत खाद्य पिकांना घालू नये.

कायदे व उपाययोजना : एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये कातडी कमावण्याच्या धंद्यात श्वानविष्ठेला मागणी होती व गरीब लोक ती रस्त्यांवरून गोळा करून विकत. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑटो र्‍योम यांनी एंझाइमांचा पर्याय शोधल्यावर हा उपयोग मागे पडला. न्यूयॉर्क शहरात १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलणे कायद्याने बंधनकारक झाले. पॅरिसने १९८२ मध्ये वेगळा मार्ग धरला : निर्वात नळी बसविलेल्या मोटारसायकलींनी नगरपालिकेचे कर्मचारी रस्ते साफ करीत. ही योजना खर्चिक ठरली व तीमुळे मालकांच्या सवयी बदलल्या नाहीत. २००४ मध्ये ती बंद झाली व मालकांवरील दंडावर भर देण्यात आला. इंग्लंड व वेल्ससाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २००६ च्या स्वच्छताविषयक उपविधींनी विष्ठा न उचलणाऱ्या मालकास ५०० रुपये दंड ठरविला.

भारतीय शहरांत मालक नसलेल्या कुत्र्यांची संख्या मोठी असल्याने केवळ दंडाने हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी निर्बीजीकरण, उघड्यावरील कचरा व कत्तलखान्यांतील टाकाऊ अवयव यांची बंदिस्त विल्हेवाट आणि मुलांच्या क्रीडांगणांना कुंपण यांची जोड आवश्यक असते. पाळीव कुत्र्याच्या पिलांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे जंतनाशक औषध दिल्यास विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या अंड्यांचे प्रमाण मुळातच घटते.