होडी लाकडाची, फायबरची की ॲल्युमिनियमची?

समुद्रकाठच्या शाखेत बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट उमगते. शेतकऱ्याचे तारण जमिनीत रुतलेले असते, मच्छीमाराचे तारण मात्र पाण्यावर तरंगत असते आणि दररोज पहाटे नजरेआड जाते. म्हणूनच होडीसाठी कर्ज देताना कागदपत्रांइतकेच होडीकडेही पाहणे अगत्याचे आहे. हे शहाणपण मला एका ग्राहकाच्या नुकसानीतून आले. त्याचा उपयोग इतर ग्राहकांना व सहकाऱ्यांना व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात हे गृहस्थ पिढीजात मासेमारी करीत. आमच्या शाखेतून कर्ज घेऊन त्यांनी साधारण अठरा फुटांची ॲल्युमिनियमची होडी आणली. आपल्या किनाऱ्यावर अशी होडी क्वचितच दिसते, त्यामुळे ती पाहावयास सारे गाव लोटले. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस ते शाखेत आले ते खालच्या मानेनेच. "साहेबानू, ह्या गंजणा नाय म्हणान घेतलंय, आता हेका भोकां पडली." कर्जाचे हप्ते अद्याप तीन वर्षांचे बाकी होते. किनाऱ्यावर जाऊन मी होडी पाहिली. पाण्याखालच्या भागावर पांढरट भुकटीचे ठिपके उमटले होते आणि प्रत्येक ठिपक्याखाली टाचणीच्या टोकापासून मुगाच्या दाण्यापर्यंत लहानमोठे खड्डे पडले होते. पितळी नळीच्या जोडापाशी तर पत्रा आरपार गेला होता.

न गंजणारा धातू का झिजला?

ॲल्युमिनियम हवेच्या संपर्कात येताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो व तोच त्याचे संरक्षण करतो. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, हे खरे. परंतु खाऱ्या पाण्यात तांबे किंवा पितळ त्याच्या सान्निध्यात आले की दोहोंमिळून जणू एक विद्युत्घट तयार होतो आणि त्यात झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. या होडीला पाण्याखाली पितळी जोड बसविला होता. शेवाळ व कालवे चिकटू नयेत म्हणून लाकडी होड्यांना लावतात तोच तांबेयुक्त रंगही तिला चोपडला होता. लाकडाला जे औषध, तेच ॲल्युमिनियमला विष ठरले.

विक्रेत्याने हे सांगितले नाही, ग्राहकाला ठाऊक नव्हते आणि मंजुरीच्या टिपणावर सही करणाऱ्या मी ते विचारले नाही. दरपत्रकावरील किंमत, नफ्याचा अंदाज आणि जामीनदाराची ऐपत मी बारकाईने तपासली होती. होडी कोणत्या मिश्रधातूची आहे, हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

तीन साहित्ये, तीन स्वभाव

लाकडी होडी आपल्या कारागिरांच्या हातची, भरतीच्या पाण्यात शांत चालणारी आणि पाणी शिरले तरी सहसा तरंगून राहणारी. मात्र चांगले लाकूड दुर्मिळ व महाग झाले आहे, शिवाय लाकूड पोखरणारे सागरी किडे आणि वार्षिक डागडुजी तिच्या पाचवीलाच पुजलेली.

फायबरची होडी कुजत नाही, हव्या त्या आकाराच्या साच्यात घडते आणि तिची दुरुस्ती करणारा माणूस बहुतेक बंदरांवर सापडतो. तथापि खडकावर वा वाळूवर वारंवार घासली की तिचा वरचा थर जातो, आत पाणी मुरू लागते आणि जोराच्या आघाताने ती तडकते.

ॲल्युमिनियमचा मोठा गुण म्हणजे चिवटपणा. खडकावर आदळल्यास ते बहुधा पोचते, फुटत नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अलास्का अशा किनाऱ्यांवर लहान होड्यांसाठी ते सर्रास वापरले जाते. चार मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे ११ किलो भरते, तेवढ्याच पोलादी पत्र्याचे ३१ किलोंहून अधिक. फायबरशी तुलना करताना मात्र घनतेच्या आकड्यावर विसंबू नये, दोन्ही होड्यांची प्रत्यक्ष वजने मागावीत. उन्हात तापणे, लाटांचा व पावलांचा आवाज होणे आणि आत पाणी भरल्यास तळ गाठणे, हे तिचे दोष होत. म्हणून बैठकीखाली तरंगणारा फोम आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तो फोम पाणी शोषणारा नसावा. ओला फोम वा ओले लाकूड पत्र्याला सतत चिकटून राहिले तर तेथेही खड्डे पडतात.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न, मिश्रधातू कोणता? समुद्राच्या पाण्यासाठी मॅग्नेशियमयुक्त ५०८३, ५०८६ किंवा ५०५२ या क्रमांकांचे पत्रे योग्य समजले जातात. भांड्यांचा वा छपराचा पत्रा चालत नाही. पत्र्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे व त्याची प्रत कर्जाच्या फाइलमध्ये ठेवावी.

दुसरा प्रश्न, जोड रिव्हेटचे की वेल्डिंगचे? रिव्हेटची होडी हलकी व स्वस्त असते, परंतु लाटांच्या माऱ्याने रिव्हेट सैल होऊन गळती लागते आणि त्यांच्या डोक्यांत जाळे अडकते. किनारी मासेमारीस जाड पत्र्याची वेल्डिंग केलेली होडी अधिक भरवशाची. तथापि वेल्ड केलेल्या जागी पत्र्याचे बळ काहीसे घटते, म्हणून आतील आडव्या-उभ्या पट्ट्यांची रचना पाहून घ्यावी.

तिसरा प्रश्न, तळाचा आकार कसा? सपाट तळ खाडीच्या शांत पाण्यात स्थिर राहतो, उघड्या समुद्रात मात्र प्रत्येक लाटेवर दणका देतो. नाळेकडे खोल व मागे उथळ होत जाणारा व्ही आकाराचा तळ लाट कापतो. जाळे ओढताना माणसे एका बाजूस झुकतात, तेव्हा पुरेशी रुंदी व काठाची उंचीही हवी.

चौथा प्रश्न, इंजिन आणि मागची फळी यांचा मेळ बसतो का? आउटबोर्ड इंजिनाचा दांडा सामान्यतः १५ किंवा २० इंचांचा असतो. फळीची उंची त्याला अनुरूप नसेल तर पंखा एक तर हवेत फिरतो, नाही तर विनाकारण खोल बुडून इंधन खातो.

पाचवा प्रश्न, झीज रोखण्याची तजवीज काय? जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे 'बळी' तुकडे पाण्याखाली बसवितात, होडीऐवजी ते झिजतात आणि वेळोवेळी बदलावे लागतात. रंग तांबेविरहित असावा. विजेच्या जोडणीत होडीचा सांगाडा परतीची तार म्हणून वापरू नये. तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा पितळी नट तळाशी पडून राहिला तरी तेथे भोक पडू शकते.

सहावा आणि माझ्या मते निर्णायक प्रश्न, दुरुस्ती कोठे होणार? ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला आर्गॉन वायू, स्वच्छ पृष्ठभाग आणि सरावलेला हात लागतो. नाक्यावरच्या साध्या वेल्डिंगवाल्याचे ते काम नव्हे. जवळपास असा कारागीर नसेल तर फायबरची होडीच बरी, असे मी आता मोकळेपणाने सांगतो.

हिशेबाची बाजू

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. केवळ उदाहरणादाखल समजा, एक होडी दोन लाखांची असून ८ वर्षे टिकते व शेवटी तिचे काही येत नाही. दुसरी तीन लाखांची असून १५ वर्षे टिकते आणि भंगारात ४५ हजार देते. पहिलीचा वार्षिक घसारा २५ हजार, दुसरीचा १७ हजार. दुसरी स्वस्त वाटते. परंतु दहा टक्के व्याज धरल्यास पहिल्या वर्षी पहिलीचे व्याज २० हजार व दुसरीचे ३० हजार होते, आणि एकूण भार अनुक्रमे ४५ व ४७ हजारांवर येतो. टिकाऊपणाचा लाभ शेवटी मिळतो, किंमत मात्र आधी मोजावी लागते. ती होडी देखभालीअभावी पाच वर्षांत निकामी झाली व हाती काहीच आले नाही, तर घसाराच वर्षाला ६० हजारांचा होईल. म्हणजे महाग होडी घेणाऱ्याने तिच्या देखभालीचे ज्ञानही सोबत घेतले पाहिजे.

कर्जाची रचनाही समुद्राच्या दिनदर्शिकेप्रमाणे हवी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्या दोन महिन्यांत हप्ता ठेवणे म्हणजे थकबाकीला आमंत्रण देणे. किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ पासून मत्स्यव्यावसायिकांनाही खुली झाली. तिचा उपयोग इंधन, बर्फ, मजुरी अशा खेळत्या खर्चासाठी करावा व होडीसाठी मुदत कर्ज घ्यावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींस ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के असे अनुदानाचे प्रमाण ठेवण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू तरतुदींची चौकशी करावी. होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, विमा आणि जीवरक्षक जॅकेटे यांत हयगय नको. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाला पाठ असावा.

होडी पुन्हा पाण्यात

त्या गृहस्थांच्या होडीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. टेम्पोत घालून ती दूरच्या एका कार्यशाळेत न्यावी लागली. खराब पत्रे कापून नवे बसविले, रंग पूर्णपणे उतरविला, पितळी जोडाच्या जागी प्लॅस्टिकचा घातला. खर्च मोठा झाला व जवळपास एक हंगाम बुडाला. हप्त्यांची फेरआखणी करण्यासाठी मी वरिष्ठांकडे टिपण पाठविले. त्यात तपासणीतील माझी उणीवही नमूद केली. प्रस्ताव मंजूर झाला आणि होडी पुन्हा पाण्यात उतरली.

त्यानंतर आमच्या शाखेत होडीच्या प्रत्येक कर्जप्रकरणासोबत वरील सहा प्रश्नांचा एक कागद जोडला जातो. तो भरून घेण्यास जेमतेम पंधरा मिनिटे लागतात. पुढच्या वेळी हप्ता भरावयास आलेल्या त्या गृहस्थांना मी तो दाखविला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो कागद आदी गावलो असतो तर!" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.